डब्ल्यूईसीचा सीझन पास: आठ शर्यती, ७२ तास आणि एक वजनकाटा

डब्ल्यूईसी म्हणजे लांब पल्ल्याच्या मोटार शर्यतींची जागतिक स्पर्धा; तिच्या शर्यती ॲपवर बघायचा पास मी घेतला होता. १५ जून २०२५ चा रविवार, संध्याकाळचे सात दहा. ल मां, म्हणजे फ्रान्समधली चोवीस तासांची शर्यत, संपायला वीस मिनिटं राहिलेली, पिवळी ८३ नंबरची फेरारी पुढे, सहा नंबरची पोर्शे तिच्या मागावर, आणि माझ्या टीव्हीवर गोल फिरणारं चक्र. राउटर बंद-चालू केला, मोबाइलचा हॉटस्पॉट लावला, ॲप काढून पुन्हा टाकलं. चित्र आलं तेव्हा झेंडा पडून गेला होता. दोघांतलं शेवटचं अंतर १४ सेकंद.

८३ च्या स्टिअरिंगवर रॉबर्ट कुबित्सा होता. २०११ मध्ये रॅलीच्या अपघातात ज्याचा उजवा हात जाता जाता वाचला, तोच. २०२१ मध्ये ह्याच शर्यतीत तो आणि ये यीफेई एलएमपी२ ह्या दुसऱ्या फळीच्या वर्गात पहिले असताना शेवटच्या फेरीत त्यांची गाडी बंद पडली होती. चार वर्षांनी तेच दोघं, जोडीला फिल हॅन्सन, थेट अख्खी ल मां जिंकत होते आणि मी राउटरचे दिवे मोजत होतो. ॲपवाल्यांना तीन मेल केले. सात दिवसांनी उत्तर आलं की कॅशे साफ करून पाहा. नाव घेत नाही, पण चीड अजून गेलेली नाही.

आता हंगाम संपलाय आणि पास आपोआप रिन्यू होणार असल्याचा मेल आलाय. म्हणून हा हिशेब मांडतोय. कतारचे दहा तास, ल मांचे चोवीस, बहारीनचे आठ, बाकी पाच शर्यती सहा-सहा तासांच्या. साधारण ७२ तास. भरलेल्या पैशांना ७२ ने भागलं की तासाला दोन वडापाव आणि एक कटिंग. महाग अजिबात नाही. वेळाही आपल्याला सोयीच्या: इमोला आणि बहारीन दुपारच्या झोपेनंतर, फुजी सकाळच्या चहाबरोबर. ऑस्टिन तेवढं रात्री साडेअकराला सुरू होतं, ते सोडलं तरी चालेल असं मला वाटलं होतं. (सोडू नका. पावसातली ती शर्यत पोर्शेने काढली.)

मग तक्रार काय? तक्रार काट्याची. बीओपी म्हणजे 'बॅलन्स ऑफ परफॉर्मन्स', वेगवेगळ्या गाड्यांना बरोबरीत आणायचा काटा. प्रत्येक शर्यतीआधी तक्ता निघतो, कुठल्या गाडीचं वजन किती आणि ताकद किती. मी चाकणला क्वालिटीत आहे, दिवसभर टॉर्क आणि टॉलरन्सच पाहतो, त्यामुळे हा तक्ता मी शर्यतीपेक्षा जास्त वाचतो हे कबूल. २०२४ पासून तर ताशी २५० किलोमीटरच्या वरची ताकद वेगळी ठरवतात. इंजिनातून चाकांपर्यंत किती ताकद पोचते ते मोजायला ड्राइव्हशाफ्टवर सेन्सर बसवलेले. मोजमाप म्हणून काम अव्वल आहे, शंकाच नाही. माझी दुखणी मोजल्यानंतरची.

२०२५ चंच बघा. कतार, इमोला, स्पा, ल मां: चारही फेरारीच्या. कतारला तर पहिल्या तीनही. त्यानंतर साओ पाउलो कॅडिलॅक, ऑस्टिन पोर्शे, फुजी अल्पाइन, बहारीन टोयोटा. साओ पाउलोला तीच फेरारी मधल्या गर्दीत हरवलेली. ह्यात काटा किती, ट्रॅक किती, टायर किती? विचारायची सोय नाही, कारण संघांनी बीओपीवर जाहीर बोलायचं नाही असा नियमच आहे. ग्राहकाने काट्याकडे बघायचं नाही असं सांगणाऱ्या दुकानातून आपण साखर घेऊ का?

माझे सासरे मंचरकडचे. बैलगाड्याच्या बाऱ्या बघत आयुष्य गेलं, कुठल्या घाटात कुठली जोडी घाटाचा राजा झाली ते त्यांना पाठ. ल मांच्या त्या शनिवारी ते आमच्याकडे होते. साडेसातला शर्यत सुरू झाली तेव्हा त्यांना काट्याची भानगड समजावली. २०२३ मध्ये ल मांच्या आधी टोयोटावर ३७ किलो चढवले, फेरारीवर २४, कॅडिलॅकवर ११, पोर्शेवर ३, असं सगळं. मामा म्हणाले, "म्हणजे बैल चांगला पळाला तर त्याच्या गळ्यात धोंडा बांधायचा? मग जावई, माणसानं बैलाला खुराक घालायचा कशाला?" मी म्हटलं, हेच तर माझं म्हणणं. रात्री दोनला, तिकडे अंधार पडला तेव्हा, ते झोपायला गेले.

काट्याबद्दलची ही तक्रार ल मां संपल्या आठवड्यातच लिहून ठेवली होती आणि खाली मोठ्या अक्षरांत 'पैसे वाया' असं टाकणार होतो. पाठवली नाही हे बरं झालं.

झालं असं की पासात जुन्या शर्यतीही मिळतात. ऑगस्टात शर्यत नव्हती, पैसे वसूल करायचे म्हणून त्या बघत बसलो. २०१६ ची ल मां पाहिली, तीन मिनिटं उरलेली असताना नाकाजिमाची टोयोटा थांबते ती. अंगावर काटा येतो, हा दुसरा काटा. मग २०१८ पाहिली. ऑडी २०१६ नंतर गेली, पोर्शे २०१७ नंतर, आणि कारखान्याच्या हायब्रिड गाड्या उरल्या फक्त टोयोटाच्या दोन. चोवीस तास दोन भाऊ अंगणात पळतायत. पैसा ओतायला कोणाला अडवायचं नाही म्हटल्यावर शेवटी मैदानात एकच घर उरतं. १९९२ मध्ये आधीची जागतिक स्पोर्ट्सकार स्पर्धाही फॉर्म्युला वनच्या धर्तीवरच्या महागड्या इंजिनांच्या नादात बुडाली होती.

आणि आता? २०२५ ला हायपरकारमध्ये, म्हणजे सगळ्यात वरच्या वर्गात, आठ कंपन्या. कोणाची गाडी पूर्ण घरची, कोणाचा सांगाडा बाहेरच्या कंपनीकडून घेतलेला: डलाराचा, ओरेकाचा नाहीतर मल्टिमॅटिकचा. फेरारी ठरावीक वेगापुढे चारही चाकांनी ओढते. ॲस्टन मार्टिन व्हल्कायरीत तर हायब्रिड नाहीच, नुसतं साडेसहा लिटरचं व्ही१२. (हेडफोन लावून तिचा ऑनबोर्ड, म्हणजे गाडीतल्या कॅमेऱ्याचं चित्रण, ऐका. पासाचे निम्मे पैसे मी त्या आवाजाच्या खात्यावर टाकलेत.) ह्या सगळ्यांना एका रांगेत उभं करायचं तर काट्याशिवाय कसं करणार, हे मलाही सांगता येईना. फुजीला अल्पाइनची ३५ नंबरची गाडी जिंकली तेव्हा मी सोफ्यावरून उठलो होतो. ती त्यांच्या ए४२४ गाडीची पहिलीच जीत. २०१८ च्या मैदानात ती कधी दिसलीच नसती.

तर काट्यावरचा राग निम्म्यावर आलाय. लपवाछपवीवरचा आहे तेवढाच आहे.

संघांना परवडतं का? ह्याचं उत्तर मी ल मांनंतर 'हो' असं दिलं असतं. ८३ ही कारखान्याच्या अधिकृत दोन गाड्यांतली नाही, एएफ कोर्से ह्या खासगी संघाची पिवळी गाडी आहे, आणि तिने घरच्या दोन्ही लाल गाड्यांना मागे टाकलं. शिवाय एलएमडीएच, म्हणजे तयार सांगाड्यावर बांधलेली हायपरकार, एकदा बांधली की इथेही पळते आणि अमेरिकेतल्या आयएमएसए स्पर्धेतही. खर्च एकाच गाडीचा, बाजार दोन. पण ऑक्टोबरात पोर्शेने ह्या स्पर्धेतून कारखान्याचा संघ काढून घेतल्याचं जाहीर केलं. अमेरिकेत मात्र राहणार. ऑस्टिन जिंकून महिना-दीड महिना झालेला कारखाना जेव्हा दोनांतला एकच बाजार ठेवतो आणि तो हा नसतो, तेव्हा मला काळजी वाटते. २०२६ ला जेनेसिस, २०२७ ला फोर्ड आणि मॅक्लारेन, म्हणजे दुकान ओस पडणार नाही. पण १९९२ आणि २०१७ बघून झाल्यावर पाहुण्यांच्या यादीवर मी फार भरवसा ठेवत नाही.

जीटी३, म्हणजे रस्त्यावरच्या स्पोर्ट्स गाड्यांवर बेतलेला खालचा वर्ग, त्याबद्दल थोडक्यात: प्रत्येक गाडीत एक ब्राँझ, म्हणजे हौशी चालक लागतोच, आणि त्याची घसरगुंडी हीच बरेचदा शर्यत ठरवते. मोटोजीपीवाल्या व्हॅलेंटिनो रोस्सीसाठी बघायला गेलो, ह्या हौशी मंडळींसाठी थांबलो.

नव्याने घेणाऱ्यांनी फक्त काही शर्यती बघायच्या असतील तर ल मां, फुजी आणि बहारीन बघा. ल मांचे शेवटचे दोन तास टीव्ही आणि मोबाइल दोन्हीवर लावून ठेवा, एकावर चक्र फिरायला लागलं तर दुसरा असतो. मामांनी पुढची ल मां कधी म्हणून विचारलंय. जूनचा दुसरा शनिवार म्हटल्यावर म्हणाले, पेरणी उरकून येतो.

मी पास घेणार आहे, पण जूनच्या तोंडावर, माझ्या हाताने. ऑटो-रिन्यू बंद केलंय. ते बटण खात्याच्या सेटिंगमध्ये अगदी तळाला, राखाडी अक्षरांत आहे. मला वीस मिनिटं लागली.