पालेभाजीच्या काड्या: रस काढावा, गंजात (पातेल्यात) घालाव्या की बकरीला द्याव्या?

परवा मोठ्या जाऊबाईंचा फोन आला. त्यांना ज्यूसर घ्यायचा आहे. बाजाराच्या दिवशी पालक, मेथी, सांबार (कोथिंबीर), अंबाडी आणली की निवडता निवडता टोपलंभर काड्या उरतात आणि त्या उकिरड्यावर टाकताना जीव होत नाही. रस काढून प्यावा असं त्यांच्या मनात आहे. मी मागच्या हिवाळ्यात हे सगळं करून पाहिलं, म्हणून त्यांना सांगितलं तेच इथे लिहिते.

आधी काडी नखाने मोडून पाहा. कट्कन तुटली तर ती रसाची. तुटली पण सालीचा धागा लोंबत राहिला, तर तिच्या रसाच्या नादी लागू नका. कोवळ्या पालकाचे देठ आणि सांबाराच्या काड्या या परीक्षेत पास होतात. सांबाराच्या काडीत तर पानाइतकाच वास असतो. मेथीच्या काडीचा रस निघतो, पण इतका कडू की आमच्याकडे दुसरा घोट कोणी घेतला नाही. अंबाडीचं तर नावच काढू नका. जिच्या सालीच्या वाकापासून आपल्याकडे बैलांचे दोर वळायचे, ती काडी मिक्सरमध्ये काय बारीक होणार? मी घातली होती. पात्याला धागे असे गुंडाळले गेले की भांडं गरम होऊन जळका वास सुटला आणि खालचं लाल बटण खटकन बंद पडलं. नंतर अर्धा तास सुईने धागे काढत बसले.

आता रस आणि डाळीत पालक शिजवून केलेली डाळभाजी समोरासमोर ठेवू. पालकात 100 ग्रॅममध्ये 90 ग्रॅमच्या वर पाणीच असतं, त्यामुळे रस भरपूर दिसतो. कच्च्या रसात उष्णतेने नासणारं क जीवनसत्त्व आणि फोलेट टिकतं, ही त्याची खरी जमेची बाजू. वरून लिंबू पिळलं तर भाजीतलं लोह अंगी लागायलाही मदत होते. पण पोट साफ ठेवणारा चोथा फडक्यात मागे राहतो. गाजरासारखं जे कॅरोटिन पालकात असतं, ते तेलासोबत जास्त चांगलं पचनी पडतं, आणि ते काम डाळभाजीवरची लसणाची फोडणी आपोआप करते.

खरा अडसर भाजीतल्या ऑक्झॅलेट नावाच्या क्षाराचा आहे. पालेभाज्यांत पालक यात फार वरचा, आणि मुतखड्यांत सर्वाधिक आढळणारा खडा कॅल्शियम ऑक्झॅलेटचाच. आपल्या विदर्भाच्या उन्हाळ्यात पारा 45 च्या पुढे जातो, वावरात घाम गळतो, लघवी कमी होते. आपल्या भागात मुतखड्याची माणसं बरीच सापडतात. भरपूर पाण्यात काड्या उकळून ते पाणी फेकलं की ऑक्झॅलेट बरंच कमी होतं. रसात पाण्यात विरघळणारं ऑक्झॅलेट थेट पेल्यात येतं. डाळभाजीतही पाणी फेकत नाही हे खरं, पण एकेकाच्या वाट्याला पालक येतो मूठभर, आणि सोबत ताक असलं तर त्यातलं कॅल्शियम ऑक्झॅलेटला पोटातच बांधून ठेवतं. ज्याला एकदा खडा झाला आहे त्याने पालकाच्या काड्यांचा रस घेऊच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर हिरवा रस रोज सुरू करण्याआधी डॉक्टरांना विचारावं, कारण पालेभाजीतलं के जीवनसत्त्व अशा काही गोळ्यांचा परिणाम कमी करतं.

आणखी एक. पऱ्हाटीच्या (कपाशीच्या) ओळींतून नाहीतर शेताच्या धुऱ्यावरून खुडलेली भाजी कच्ची पिऊ नका. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने किती कास्तकार आणि मजूर गेले, ते आपण विसरलेलो नाही. तोच फवारा शेजारच्या चवळी-अंबाडीवरही उडतो. रसासाठी भाजी परसातलीच हवी, नळाखाली दोन-तीनदा धुतलेली.

यंत्राचं म्हणाल तर, हळू फिरणारा ज्यूसर पालेभाजीचा रस जास्त काढतो, पण किंमत हजारोंत, आणि आपल्याकडे काड्यांचा हंगाम जेमतेम चार महिन्यांचा. घरचा 500 वॉटचा मिक्सर दोन मिनिटं फिरवला तर एका युनिटचा साठावा भाग वीज लागते. पाव किलो काड्या, अर्धा पेला पाणी, आलं, धुतलेलं सुती फडकं. पिळलं की एक पेला रस आणि मूठभर चोथा. रस लगेच प्यायचा. उन्हात ठेवला तर तासाभरात त्याचा रंग आणि वास बदलतो.

तो मूठभर चोथा बहुतेकांच्या हिशेबातून सुटतो. तो उकिरड्यावर गेला तर कचरा कमी कुठे झाला? मी तो ज्वारीच्या पिठात, तिखट-मीठ-तीळ घालून धपाट्यात मळते. हिरवे ठिपके दिसतात, पण पोरं खातात. धपाटे करायला वेळ नसेल त्या दिवशी रसही काढत नाही. काड्या बारीक चिरून तुरीच्या डाळीत किंवा बेसन लावलेल्या पातळ भाजीत, म्हणजे आळणात, घालते. मेथीच्या कोवळ्या काड्या तिथेच शोभतात.

दारात बकरी असेल तर जाड काड्या तिच्या, यात विचार करण्यासारखं काही नाही. बकरी नसेल तर खत. आपल्या पुसदच्या नारायण देवराव पांढरीपांडे यांच्या नावावरून ओळखलं जाणारं नाडेप खताचं टाकं 10 फूट लांब, 6 फूट रुंद, 3 फूट उंच लागतं. एका घराच्या काड्यांनी ते भरत नाही, वावरातला काडीकचरा, शेण आणि माती असेल तरच बांधा. नाहीतर परसातला खड्डा पुरे.

जाऊबाईंच्या घरी दोन बकऱ्या आहेत आणि भाऊजींना दोन वर्षांपूर्वी खडा झाला होता. त्यांना मी ज्यूसर नको म्हटलं. सांबाराच्या काड्यांची तेवढी हिरव्या मिरचीसोबत चटणी वाटा, असं सांगितलं.