फर्स्ट एड किट, आठ महिने वापरल्यावर: दोन स्टार, तेही क्रेप बँडेजमुळे

जूनमध्ये ६९९ ला ऑनलाइन घेतलं, ते लाल पाउच, "४२ वस्तू" वालं. तेव्हा मीच चार स्टार दिलेले. नंतर मोजलं तर त्या ४२ मध्ये २० इअरबड आणि १० चिकटपट्ट्या, म्हणजे खरा माल १२ नग!

पण माझा राग चेनवर आहे. ऑगस्टमध्ये राजगड, गुंजवण्यातून चोर दरवाजाने चढत होतो, शेवटच्या कातळावर मित्र घसरला, गुडघा चांगलाच सोलला. किट काढलं तर चेन उघडेना. तीन पावसाळी ट्रेकमध्ये रनर गंजून लाल झालेला, एकाने पाउच धरलं, मी ओढलं, तर पकडायची पट्टीच हातात आली. बरं, कात्री आत. शेवटी काकडी कापायच्या सुरीने पाउच वरून फाडलं. आत कापूस ओलाचिंब आणि चिकटपट्ट्या फुगलेल्या, एकही चिकटेना. बाटलीतल्या पाण्याने जखम धुतली, पोव्हिडोन आयोडीनची ट्यूब तेवढी शाबूत होती ती लावली आणि वर रुमाल.

कस्टमर केअरला फोन केला तर म्हणे अनबॉक्सिंगचा व्हिडिओ पाठवा. अरे बाबा, बॉक्स उघडताना चेन चालतच होती ना!

आता न्यायाने बोलायचं तर डिसेंबरात कळसूबाई उतरताना बहिणीचा पाय मुरगळला तेव्हा यातलंच क्रेप बँडेज घोट्याला आठच्या आकड्यासारखं गुंडाळलं, बोटं गार पडत नाहीत ना ते मधेमधे बघत राहिलो, आणि बारीपर्यंत ती हळूहळू का होईना चालत आली. म्हणून दुसरा स्टार.

साप चावल्यावर करकचून बांधायला एक रबरी पट्टाही आहे, तो मात्र सरळ फेका. बांधायचं नाही, चिरायचं नाही, पाय हलू न देता सरकारी दवाखाना गाठायचा, नाग, मण्यार, घोणस, फुरसं चारींवर एकच लस चालते आणि ती पाउचमध्ये मिळत नसते.

सध्या सगळं श्रीखंडाच्या अर्धा किलोच्या रिकाम्या डब्यात. ओआरएसच्या मोठ्या पुड्या (एक पुडी पूर्ण लिटरला, मी इतके दिवस अर्ध्या बाटलीत घालत होतो), सेट्रिझिन, पॅरासिटामॉल, गॉज, क्रेप. कात्री वर रबरबँडने. पाणी अजून तरी शिरलेलं नाही.

पाउच आईने कपड्यांच्या चिमट्यांना घेतलंय. वरून फाटल्यामुळे हात बरोबर जातो म्हणते.