मागच्या चाकाला कारचा टायर: अकरा महिने, २३,४०० किलोमीटर

माझ्या मोटरसायकलच्या मागच्या चाकाला घातलेला कारचा टायर काढून तीन आठवडे झाले. काढला तेव्हा मधल्या खाचा अजून पाच मिलिमीटर खोल होत्या, म्हणजे झिजला म्हणून काढलेला नाही. का काढला ते सांगण्यासाठीच हे लिहितोय. पण त्याआधी जे आवडलं तेही सांगतो, कारण तेही तितकंच खरं आहे.

गाडी होंडा गोल्डविंग, २००१ ते २०१७ या पिढीतली, सहा सिलिंडरची १८३२ सीसी. नुसती गाडीच चारशे किलोच्या वर भरते. त्यावर मी, मागच्या सीटवर माझी जोडीदार, दोन्ही बाजूंचे डबे आणि मागची पेटी गच्च भरलेली. आमचा प्रवास बहुतेक लांबचा आणि सरळ रस्त्याचा. अशा वापरात मोटरसायकलचा टायर मधोमध झिजतो आणि कडा जवळपास नव्या राहतात. माझे आधीचे दोन्ही टायर चौदा-पंधरा हजार किलोमीटरला मध्ये सपाट झाले होते. टायर असा चौकोनी झाला की गाडी वळणात घालताना आधी अडते आणि मग एकदम कलंडते. ज्यांनी हे अनुभवलंय त्यांना कारच्या टायरचा विचार का सुचतो हे वेगळं समजवायला नको. जगभर हे करणारे गोल्डविंगवाले बरेच आहेत, आपसात याला ‘डार्कसाइड’ म्हणतात.

माप जुळतं हे यातलं मोठं आकर्षण. कंपनीचा मागचा टायर १८०/६० आर १६, म्हणजे रुंदी १८० मिलिमीटर, बाजूची उंची रुंदीच्या ६० टक्के आणि रिम १६ इंची. मी घातला तो १९५/५५ आर १६, रनफ्लॅट, म्हणजे हवा गेली तरी काही अंतर चालणारा. गणित करून बघा: पहिल्याचा बाहेरचा व्यास ६२२ मिलिमीटर, दुसऱ्याचा ६२१. म्हणजे गाडीची उंचीही तीच आणि एका फेऱ्यात कापलेलं अंतरही जवळजवळ तेच. वजन पेलण्याच्या आकड्यात मात्र मोठा फरक. माझ्या जुन्या टायरवर लोड इंडेक्स (वजन पेलण्याचा सांकेतिक आकडा) ७४ होता, म्हणजे ३७५ किलो. कारच्या टायरवर ८७, म्हणजे ५४५ किलो. कागदावर हे बघून कुणालाही वाटेल की यात तोटा काहीच नाही. मलाही वाटलं होतं. पण तो ५४५ चा आकडा ज्या टायरचा आहे तो ताठ उभा राहून चालण्यासाठी बनवलेला आहे, कलून चालण्यासाठी नाही, हे त्या आकड्यात लिहिलेलं नसतं.

आता बसवण्याबद्दल, आणि हे जरा सविस्तर सांगतो. दोन ठिकाणी सरळ नकार मिळाला आणि तो नकार योग्यच होता. कारचा टायर मोटरसायकलच्या रिमवर चढवू नका, असं टायर बनवणारे स्पष्ट सांगतात. रिमचा व्यास दोन्हीकडे सोळा इंच म्हटला जात असला तरी टायरची बीड, म्हणजे रिमला धरून बसणारी तारेची कड, जिथे बसते त्या जागेचा आकार सारखा नसतो. शेवटी चाक सुटं काढून एका मित्राकडे नेलं. त्याच्याकडे टायर चढवायचं मशीन आहे आणि हाताला घाई नाही.

रनफ्लॅटची साइडवॉल, म्हणजे बाजूची भिंत, इतकी कडक की टायर रिमवर ओढतानाच आम्हाला घाम फुटला. साबणाचं पाणी लावून व्हॉल्व्हचा कोअर काढला आणि हवा भरली. एक बाजू फट्‌ आवाज करून बसली. दुसरी बसली असं वाटलं, पण टायरवर रिमला समांतर जी बारीक रेघ असते ती एकतृतीयांश भागात रिमच्या आत दबलेली दिसत होती. मित्र म्हणाला, “अजून थोडी मारू का?” हवेचा दाब दाखवणारा काटा चाळीस पीएसआयवर होता. मी नको म्हणालो. बीड बसवताना चाळीसच्या वर जायचं नाही, हा नियम आम्ही दोघांनी आधीच ठरवला होता. बीडची तार तुटली किंवा रिम फाटली तर समोर उभा असलेला माणूस वाचत नाही. हवा सोडली, बीड पाडली, पुन्हा साबण लावला, टायर अर्धा फेरा फिरवला. तिसऱ्या खेपेला रेघ सगळीकडे सारखी आली. पुढचे दोन दिवस सकाळ-संध्याकाळ हवा तपासली. गाडी स्टँडवर घेऊन चाक हाताने फिरवलं, स्विंगआर्मपासून (मागचं चाक धरणाऱ्या दांड्यापासून) जागा किती उरते ते बघितलं. १९५ ला ती पुरेशी होती.

पहिले पन्नास किलोमीटर फार विचित्र गेले. गोल टायरवर गाडी कलवली की टेकण्याची जागा हळूहळू कडेकडे सरकते. सपाट टायरवर ती सरकत नाही, एकदम कडेवर येते. डावीकडे कललात की सगळा भार डाव्या कडेवर, आणि तीच कड गाडीला पुन्हा सरळ उभी करायला बघते. म्हणून वळण संपेपर्यंत हँडलच्या आतल्या बाजूला हाताचा दाब सोडता येत नाही. मोटरसायकलच्या टायरवर मी दाब देतो, गाडी कलते, मग ती आपली आपण वळण धरून ठेवते. इथे दाब सोडला की गाडी वळणाबाहेर निघते. हजारेक किलोमीटरनंतर हाताला सवय झाली आणि त्याचा विचारही येईनासा झाला. पुढे जे झालं त्याचं मूळ या सवयीतच आहे, म्हणून हे लक्षात ठेवा.

आणखी एक गोष्ट मला आधी कुणी सांगितली नव्हती. आडव्या उतारावर अगदी हळू जाताना, म्हणजे पार्किंगच्या उताराला तिरकं चढताना वगैरे, सपाट टायरची चढाकडची कड आधी टेकते आणि गाडीला उताराच्या बाजूला ढकलते. चालण्याच्या वेगात चारशे किलो अचानक अंगावर येतात. दुसऱ्याच आठवड्यात पाय टेकवून कसाबसा सावरलो, गुडघा चार दिवस दुखत होता. तेव्हापासून असा उतार दिसला की काटकोनात चढतो किंवा मागच्या सीटवरून तिला आधी उतरायला सांगतो.

हवेचा दाब हा यातला सगळ्यात नाजूक भाग. गाडीच्या पुस्तकात मागे ४१ पीएसआय आहे. तितकी भरल्यावर टायर दगडासारखा झाला, रस्त्यातला प्रत्येक जोड पाठीत बसायला लागला आणि वळणात तो फक्त कडेच्या धारेवर चाललाय असं वाटायचं. मग २८ वर आलो. सरळ रस्त्यावर गादीवर बसल्यासारखं, पण लांब वळणात मागचा भाग डुलायला लागला, कारण साइडवॉल वाकते आणि परत येते. शेवटी थंड टायरला ३४ वर स्थिरावलो. दोन तास चालवल्यावर तो ३७ पर्यंत जायचा. रोज सकाळी निघण्याआधी मोजायचोच. इथे दोन पीएसआयचा फरक हँडलमध्ये कळतो.

आता जे आवडलं ते. सरळ रस्त्यावर, जड सामान घेऊन, बाजूच्या वाऱ्यात गाडी इतकी शांत मी कधी चालवली नव्हती. मागचा ब्रेक जोरात दाबला तरी चाक सहज घसरायचं नाही. खडीच्या सपाट रस्त्यावरही पकड चांगली. आणि झीज! चौदा हजारला, जिथे जुने टायर फेकून द्यावे लागले, तिथे हा जेमतेम दीड मिलिमीटर झिजला होता. एकदा रात्री मागच्या टायरमध्ये स्क्रू घुसला. हवा पूर्ण गेली, पण रनफ्लॅट असल्यामुळे हळूहळू चालवत तीस किलोमीटरवरच्या वस्तीपर्यंत पोहोचलो. कारसाठी रनफ्लॅटची नेहमीची मर्यादा ताशी ८० च्या आत ८० किलोमीटर अशी असते. मी ताशी ४० च्या वर गेलोच नाही. त्या रात्री मागे ती बसलेली होती, आजूबाजूला दिवा नव्हता. त्या टायरचे माझ्यावर उपकार आहेत आणि ते मी विसरणार नाही.

पावसाचं मात्र वेगळं. पुष्कळ जण म्हणतात की कारच्या टायरला खाचा जास्त, म्हणून पाण्यात तो बरा. ओल्या रस्त्यावर ब्रेक लावताना मलाही तो बराच वाटला. साचलेलं पाणी ही वेगळी गोष्ट. गोल टायर अरुंद होडीसारखा पाणी कापतो, रुंद सपाट टायरला ते समोरून बाजूला ढकलावं लागतं. त्यात आपण हवेचा दाब कमी केलेला. नासाने १९६० च्या दशकात विमानांच्या टायरवर केलेल्या अभ्यासातून एक ढोबळ सूत्र निघालं: टायर पाण्यावर तरंगायला लागण्याचा वेग दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. त्या हिशेबाने ४१ पीएसआयला तो वेग ताशी साधारण १०७ किलोमीटर येतो, ३४ ला ९७. मोटरसायकलला तो आकडा तसाच्या तसा लागू होईल असं नाही, पण दिशा स्पष्ट आहे. मुसळधार पावसात मी ७० च्या वर जाणं बंद केलं.

आणि मग नववा महिना. कोरडा रस्ता, वेग ९० च्या आसपास, दोघं आणि पूर्ण सामान. पुढच्या ट्रकच्या टायरचा सोलून निघालेला रबराचा पट्टा आमच्या लेनमध्ये आडवा आला. डावीकडे दाब दिला, गाडी डावीकडे गेली, पट्टा उजव्या पायाजवळून निघून गेला. इथपर्यंत ठीक. आता लगेच उजवीकडे परत यायचं होतं, कारण डावीकडे रस्त्याची कड संपत होती. उजवीकडे दाब दिला. गाडी झटक्यात सरळ उभी राहिली, कारण तिला स्वतःलाच उभं राहायचं होतं, पण उभी राहून तिथेच थबकली. सरळपासून उजव्या कडेवर जाण्यासाठी तिला आणखी एक ढकल हवी होती. ती देईपर्यंत पुढचं चाक रस्त्याच्या कडेच्या खडीला लागून गेलं. पडलो नाही. पुढे थांबून हेल्मेट काढलं, तेव्हा ती मागून एवढंच म्हणाली, “गाडी मध्येच थांबली का रे?”

तिला यांत्रिक गोष्टींत फारसा रस नाही. हँडल तिच्या हातात नव्हतं, तरी तो थबका तिला मागे बसून कळला होता. माझ्या हाताला मात्र दर वळणाला जास्तीचा दाब द्यायची इतकी सवय झाली होती की त्यात काही कमी आहे हे मी केव्हाच विसरलो होतो. शांतपणे चालवताना ती सवय पुरते, कारण वळण आधी दिसतं आणि हात तयार असतो. अचानक डावी-उजवी करायची वेळ आली की त्या दुसऱ्या ढकलीला लागणारा अर्धा सेकंद कुठून आणायचा? ताशी ९० ला अर्ध्या सेकंदात गाडी साडेबारा मीटर जाते.

त्यानंतर दोन महिने मी तो टायर ठेवला, पण मोकळ्या जागेत जाऊन हेच पुन्हा पुन्हा करून बघितलं. एकटा, सामानाशिवाय, ताशी ५० ला, बाटल्या ठेवून. ३४ वर, ३० वर, ३८ वर. तो थबका कमी-जास्त झाला, पण गेला कधीच नाही. तेव्हा गाडी कशी कलते तेही नीट पाहिलं. रुंद सपाट टायरची टेकण्याची जागा वळणाच्या आतल्या बाजूला सरकलेली असते, म्हणून तेवढ्याच वळणाला, तेवढ्याच वेगाला गाडी थोडी जास्त कलवावी लागते. पूर्वी ज्या वळणात पायपट्टी रस्त्याला लागायची नाही, तिथे आता लागत होती.

साइडकारला किंवा तीनचाकी करून घेतलेल्या गोल्डविंगला कारचा टायर शोभतो, कारण त्या कलतच नाहीत. आपली गाडी कलते. जे लोक वर्षानुवर्षं लाख-लाख किलोमीटर असे टायर वापरतात त्यांना मी चूक म्हणणार नाही. एकट्याने, मोकळ्या रस्त्यावर, स्वतःची जोखीम ओळखून चालवत असतील तर त्यांचं ते बघतील. तरी घालणार असाल तर दोन गोष्टी आधी करा: अपघात झाल्यास या टायरबद्दल काय धोरण आहे ते विमा कंपनीला लेखी विचारा, आणि पहिल्या हजार किलोमीटरला मागे कुणालाही बसवू नका.

टायर उतरवल्यावर रिम पुसून उजेडात फिरवून फिरवून बघितली. तडा कुठेही नाही. पण बीड बसते त्या कडेला दोन्ही बाजूंनी रंग घासला जाऊन उघडं ॲल्युमिनियम दिसत होतं. आधीच्या दोन टायरनंतर तसं काही दिसलं नव्हतं. पुढच्या टायरच्याही दोन्ही कडा नेहमीपेक्षा जास्त झिजल्या होत्या, म्हणून तोही बदलला. आता मागे पुन्हा १८०/६०, लोड इंडेक्स ८० चा, ४१ पीएसआय. पहिल्याच वळणाला जुन्या सवयीने हात जास्त दाबला गेला आणि गाडी अपेक्षेपेक्षा खूप आत गेली. तीन आठवड्यांनंतरही कधीकधी जाते. हाताला परत शिकवायला अजून काही दिवस लागतील, तोवर तिला मागे बसवलेलं नाही.