कलेसाठी अनुदान: फाउंडेशन, मंत्रालय की कंपनी?

दर वर्षी एक-दोन फोन ठरलेले. "दादा, ग्रुपला अनुदान हवंय, कुठे अर्ज करू?" मी उलट विचारतो, पैसे कोणाच्या खात्यात येणार, ग्रुपच्या की तुझ्या? मग फोनवर शांतता. किती मिळतात हे सगळ्यांना माहीत असतं. पण बहुतेक दारं उघडतात किंवा बंद होतात ती या खात्याच्या प्रश्नावर.

आधी एकट्याचं बघू. केंद्रीय संस्कृती मंत्रालयाची फेलोशिप आहे, तिचं कामकाज दिल्लीतलं सीसीआरटी (सांस्कृतिक स्रोत आणि प्रशिक्षण केंद्र) सांभाळतं. आणि बंगळुरूचं इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्स, म्हणजे आयएफए, आहे. ते १९९३ साली सुरू झालं आणि १९९५ पासून अनुदानं देतंय.

मंत्रालयाचं गणित सरळ आहे. २५ ते ४० वयाच्या कलावंताला ज्युनियर फेलोशिप, महिना १०,००० रुपये. चाळिशीपुढे सीनियर, महिना २०,०००. मुदत दोन वर्षं, म्हणजे एकूण २ लाख ४० हजार किंवा ४ लाख ८० हजार, आणि तेही सहामाही हप्त्यांनी. पदवी लागते, उत्तम ढोलकी वाजवणाऱ्या पण कॉलेज अर्धवट सोडलेल्या माणसाला इथे प्रवेश नाही, हे मला कधीच पटलेलं नाही. तुमच्या कामाला दीड लाख लागोत की सात, रक्कम तीच. त्यात एक सोय आहे: अंदाजपत्रकावरून घासाघीस होत नाही. वय मात्र कुठल्या तारखेला मोजतात ते जाहिरातीत नीट वाचा.

आयएफएकडे गाडी उलट दिशेने येते. तुम्हाला नेमकं काय शोधायचंय हे आधी, खर्च नंतर. अर्ज मराठीतून करता येतो. ही गोष्ट वाटते त्याहून मोठी आहे. दशावतारावर बोलताना ज्याची वाणी थांबत नाही, तोच माणूस इंग्रजी अर्जात चार कोरड्या वाक्यांवर येतो. पण मराठीत लिहिलं म्हणून काम सोपं होत नाही. प्रश्न येतात, मसुदा पुन्हा लिहावा लागतो. माझा एक मित्र तिसऱ्या फेरीला कंटाळून बाजूला झाला. दुसरी मैत्रीण म्हणते, पैसे मिळाले नसते तरी त्या प्रश्नांनी तिचं काम सुधारलं असतं. दोघांचंही खरं आहे.

फरक उदाहरणाने सांगतो. "दशावतारातल्या पंधरा आख्यानांचं दस्तऐवजीकरण" हा विषय मंत्रालयाच्या चौकटीत छान बसतो: काम माहीत आहे, हवाय तो वेळ. "लिखित संहिता हातात नसताना दशावतारी नट संवाद कुठून उचलतो?" हा प्रश्न आयएफएचा. उत्तर काय निघेल हे तुम्हालाही ठाऊक नसलं तरी तिथे चालतं, किंबहुना तेच हवं असतं. एक सावधगिरी: आयएफएचे सगळेच कार्यक्रम आपल्यासाठी नाहीत. 'प्रोजेक्ट ५६०' बंगळुरू शहराचा आहे (५६० हे तिथल्या पिनकोडचे पहिले तीन आकडे), आणि 'कलि-कलिसु' कर्नाटकातल्या शाळांसाठी. महाराष्ट्रातून अर्ज करायचा तर संशोधन आणि कलाव्यवहार (म्हणजे प्रत्यक्ष कलानिर्मिती) हे विभाग आधी बघा.

आता संस्थेच्या नावाने. मंत्रालयाची कार्यक्रम आणि निर्मितीसाठीची योजना साधारणपणे ५ लाखांपर्यंत देते. ७५ टक्के आधी, उरलेले २५ टक्के हिशेब आणि उपयोगिता प्रमाणपत्र (पैसे ठरलेल्या कामावरच खर्च झाल्याचा दाखला) दिल्यावर. म्हणजे शेवटचा पाव हिस्सा तुम्ही उसना आणणार, हे आजच धरून चाला. एका अनुदानाचा शेवटचा हप्ता आमच्या हातात पडला तेव्हा नाटक बंद होऊन नेपथ्य भंगारात गेलं होतं.

कंपन्यांचा सीएसआर निधी, म्हणजे सामाजिक कामांवर कायद्याने खर्च करावा लागणारा पैसा, ऐकायला मोठा वाटतो. कंपनी कायद्याच्या कलम १३५ नुसार ठरावीक आकाराच्या कंपन्यांना आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या २ टक्के रक्कम खर्च करावी लागते, आणि त्या कायद्याच्या सातव्या परिशिष्टातल्या कामांच्या यादीत कला-संस्कृती आहे. पण त्यांना सीएसआर-१ (सीएसआरचे पैसे घेण्यासाठीची सरकारी नोंदणी) झालेली, आयकराची १२ए (संस्थेला करसूट) आणि ८०जी (देणगीदाराला करसवलत) असलेली संस्था लागते. शिवाय कायदाच आसपासच्या भागाला प्राधान्य द्या म्हणतो. तेव्हा मुंबईच्या हेड ऑफिसात खेटे घालण्यापेक्षा तुमच्या तालुक्यात कारखाना कुणाचा आहे ते बघा. आणि "तुमच्या लोगोचं मोठं बॅनर लावू" असं सीएसआरवाल्यांना सांगू नका. जाहिरातीच्या फायद्यासाठी दिलेलं प्रायोजकत्व सीएसआरमध्ये धरलंच जात नाही. बॅनरची भाषा मार्केटिंगवाल्यांशी करायची, त्यांची थैली वेगळी. माझ्या मते जुना वाडा किंवा हस्तकला असेल तर सीएसआरकडे जावं. प्रायोगिक नाटकासाठी तिथे चपला झिजवू नयेत.

परदेशी पैशाचा विषय जुनी मंडळी हमखास काढतात. पुण्याच्या थिएटर अकादमीने १९८५ ते १९९४ या काळात फोर्ड फाउंडेशनच्या मदतीने नाटककार आणि ठिकठिकाणच्या नाट्यसंस्था घडवण्याच्या योजना राबवल्या, हे खरं. पण आज एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची नोंदणी हवी, पैसे आधी स्टेट बँकेच्या दिल्लीतल्या मुख्य शाखेतच उतरणार, आणि ते दुसऱ्या संस्थेला पुढे देता येत नाहीत. आठ जणांच्या ग्रुपने या वाटेला जाऊच नये.

"मग संस्था नोंदवून टाकू का?" नुसत्या अनुदानासाठी नको. धर्मादाय आयुक्तांकडे दरवर्षी ऑडिट, विश्वस्त बदलला की चेंज रिपोर्ट, सीएची फी. हे सांभाळणारा एक माणूस ग्रुपमध्ये नसेल तर दोन वर्षांत दिग्दर्शकच कारकून होतो. त्यापेक्षा तुमच्यातल्या एकाने स्वतःच्या नावाने आयएफएकडे अर्ज करावा, बाकीच्यांचं मानधन अंदाजपत्रकात नावानिशी मांडावं, आणि अर्ज पाठवण्याआधी तो कागद सगळ्यांना वाचून दाखवावा.