‘औषधासोबत’ हा शब्द त्यांनी गाळला होता

मला अल्सरेटिव्ह कोलायटिस आहे. मोठ्या आतड्याचं आतलं अस्तर सुजतं, जखमा होतात, संडासवाटे रक्त आणि आव पडते. 2019 मध्ये निदान झालं आणि मेसालामाइनच्या, म्हणजे आतड्याची सूज आटोक्यात ठेवणाऱ्या औषधाच्या, गोळ्या सुरू झाल्या. त्यांवर तीन वर्षं मी चांगली होते. शाळेत पूर्ण तास घ्यायचे, एसटीने कोल्हापूरला जाऊन यायलाही भीती वाटत नव्हती.

सांगलीत घराजवळच्या मैदानावर पहाटे व्यायामाचा वर्ग चालायचा, फुकट. घेणारे सर प्रत्येकाची नावानिशी चौकशी करायचे. महिन्याभराने मी त्यांना माझा आजार सांगितला. त्यांनी जे उत्तर दिलं त्यातलं पुष्कळ खरं होतं, आणि मी फसले ती तिथेच. ते म्हणाले, "ताई, सुजलेल्या आतड्यात पांढऱ्या पेशी जमतात, त्या ऑक्सिजनचे तिखट रेणू सोडतात आणि त्यानेच अस्तर भाजून निघतं. अँटिऑक्सिडंट ते रेणू निकामी करतात. जोडीला व्यायाम करा, शरीर स्वतःचं अँटिऑक्सिडंट बनवायला लागतं." पुढे हळद आली. माझे सासरे मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर दिवाणजी होते. राजापुरी हळदीचा वास आमच्या घरातल्या कपड्यांना असायचा. परक्या गोळीपेक्षा ही आपली वाटली.

सहा महिन्यांचं पॅकेज 38,500 रुपयांचं. कर्क्युमिनच्या (हळदीतल्या पिवळ्या द्रव्याच्या) कॅप्सूल, द्राक्षाच्या बियांची पावडर आणि व्यायामाचा तक्ता. पावती ‘आहार सल्ला शुल्क’ म्हणून दिली. डब्यावर अन्न परवान्याचा 14 आकडी क्रमांक होता, तो मी मोठ्या विश्वासाने यांना दाखवला. त्याच डब्यावर बारीक अक्षरात ‘औषधी वापरासाठी नाही’ असंही छापलं होतं. ते मी चार महिन्यांनी वाचलं. तो परवाना खाद्यपदार्थ विकण्याचा असतो, आजार बरा होतो याची ती ग्वाही नव्हे.

सोबत एक मराठी कागद मिळाला: जपानमध्ये 2006 साली 89 रुग्णांना घेऊन प्रयोग झाला, कर्क्युमिन घेणाऱ्यांमध्ये आजार कमी उलटला. कागद दाखवून सर म्हणाले, "आता केमिकल कशाला पोटात घालता?" मी गोळ्या बंद केल्या. डॉक्टरांना विचारलं नाही.

पाचव्या आठवड्यात रक्त दिसलं. सर म्हणाले, "शरीर साठलेलं विष बाहेर टाकतंय, आता थांबू नका." तक्त्यात पळणं वाढवलं. दिवसाला आठ-दहा वेळा जावं लागत असताना मी मैदानाला फेऱ्या मारत होते, आणि घरी येऊन भिंतीला धरून बसत होते. हे वाक्य कुणाकडूनही ऐकलंत तर तिथेच उठा. या आजारात रक्त वाढणं म्हणजे आजार वाढणं.

अखेर यांनी मला उचलूनच दवाखान्यात नेलं. हिमोग्लोबिन 12.4 वरून 8.1 वर आलं होतं. कॅलप्रोटेक्टिन, म्हणजे आतड्याची सूज दाखवणारी संडासची तपासणी, 50 च्या आत असायला हवी. माझी 1,800 होती. स्टेरॉइड सुरू करावं लागलं, तेही एकदम थांबवता येत नाही, आठवड्यागणिक उतरवत न्यावं लागतं.

बरं वाटल्यावर मी तो कागद डॉक्टरांपुढे ठेवला. त्या रागावल्या नाहीत. त्यांनी मूळ इंग्रजी लेख उघडला आणि एका ओळीवर बोट ठेवलं. जपानमधले सगळे रुग्ण त्यांचं नेहमीचं औषध घेतच होते. कर्क्युमिन त्याच्या जोडीला होतं, रोज 2 ग्रॅम, मोजून. माझ्या कागदावरून नेमका ‘औषधासोबत’ हा शब्द गायब होता. मला रडू आलं ते पैशांसाठी नाही.

व्यायामाचंही त्यांनी समजावलं. उंदरांवरच्या एका प्रयोगात, मर्जीने चाकात पळणाऱ्या उंदरांचं कोलायटिस सौम्य राहिलं. ट्रेडमिलवर सक्तीने पळवलेल्यांचं आणखी बिघडलं. उंदीर म्हणजे माणूस नव्हे, हेही त्याच म्हणाल्या. आजार शांत असताना चालणं, योगासनं मला चालतात. रक्त पडत असताना विश्रांती.

पैसे परत मागितले तर सर म्हणाले, "कोर्स तुम्हीच अर्धवट सोडलात." ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 क्रमांकावर तक्रार नोंदवली आहे. पावतीवर औषधाचा उल्लेखच नसल्याने भांडायला आधार कमी आहे. तुम्ही कुणाला पैसे देणार असाल तर वस्तूचं नाव लिहिलेलं बिल घ्या, आणि त्यांचे निरोप पुसू नका. ‘विष बाहेर टाकतंय’ हा सरांचा आवाज माझ्या फोनमध्ये अजून आहे, तेवढाच पुरावा.

गेल्या आठवड्यात वर्गातल्या एका काकूंचा फोन आला. त्यांच्या मुलाला क्रोन्स आहे, आतड्याच्या सुजेचाच दुसरा आजार; पॅकेज कालच घेतलंय. मी त्यांना आधी एवढंच विचारलं, "काकू, त्याच्या गोळ्या कुठे ठेवल्यात?" कपाटात, म्हणाल्या. फोन चालू ठेवूनच मी त्यांना त्या बाहेर काढायला लावल्या.