जुने जीआय पाईप काढून सीपीव्हीसी टाकलं, सिडकोतल्या प्लंबरचा अनुभव

आमची बिल्डिंग १९९२ ची, तिसरा मजला. दोन वर्षांत बाथरूमच्या एकाच भिंतीत तीनदा लीकेज. दरवेळी कोणीतरी यायचा, टाइल फोडायचा, वीतभर तुकडा बदलून सिमेंट थापायचा नि पैसे घेऊन जायचा, आणि महिन्या-दोन महिन्यांत खालच्या काकू परत दारात, छताला ओल आली म्हणून. शेवटी शेजारच्यांनी इथल्याच एका हार्डवेअर दुकानातले प्लंबरदादा सुचवले.

आल्या आल्या हातोडा काढला नाही हे मला पहिल्यांदा आवडलं. आधी विचारलं, सकाळचं पहिलं पाणी लालसर येतं का? येतं. गावाहून आठ दिवसांनी आलं की? तेव्हा तर बादलीत चहाच. शॉवरला प्रेशर कमी? हो, आणि आम्ही आजवर टाकीला दोष देत होतो! मग भिंतीतला एक तुकडा कापून माझ्या हातात दिला. अर्धा इंची पाईप, बाहेरून बरा दिसत होता, पण आतून गंजाच्या गाठी एवढ्या की जेमतेम पेन्सिल जाईल.

त्यांचं म्हणणं, जीआय म्हणजे लोखंडच, वर जस्ताचा थर. जस्त स्वतः झिजून लोखंडाला वाचवतं, ते संपलं की लोखंडाची पाळी. आणि फुटतं जॉइंटला, कारण डायने आटे पाडताना तिथलं जस्तही जातं आणि पाईपही पातळ होतो. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला, आमची तिन्ही लीकेज सॉकेटपाशीच, म्हणजे जॉइंटलाच होती. गीझरजवळचा तुकडा तर सगळ्यात बेकार, एकतर गरम पाणी, त्यात आधीच्या कुणीतरी जीआयच्या निप्पलवर (आट्यांचा छोटा जोडतुकडा) थेट पितळी वॉल्व्ह चढवलेला. दोन वेगळे धातू पाण्यात चिकटून राहिले की एक दुसऱ्याला खातो, आमच्याकडे पितळ शाबूत आणि निप्पल चाळण. वर उन्हाळ्यात टाकीत बोअरचं पाणी पडतं, त्यातल्या क्षारांनी हे सगळं अजून भरभर होतं म्हणे.

काम मात्र नीट केलं. घरातली सगळी लाइन सीपीव्हीसी, म्हणजे प्लास्टिकचेच पाईप, पण ते ९३ डिग्रीपर्यंत गरम पाणी सोसतं, साधं यूपीव्हीसी गीझरला चालत नाही. नळ बसतात तिथे पितळी आट्यांचे एल्बो. मला सगळ्यात पटलं ते हे की टाइल लावायच्या आधी पंपाने पाईपमध्ये प्रेशर भरून रात्रभर ठेवलं (कुठे गळत असेल तर ते उतरतं) आणि सकाळी मला काटा दाखवला. आधीच्यांपैकी एकानेही हे केलं नव्हतं.

आता तक्रारी. तीन दिवस सांगून सहा लावले, मधे एक दिवस फोनच बंद. २८ हजार ठरले होते ते ३४ वर गेले, पाईपसाठी भिंतीत झिरी मारायचे वेगळे पैसे पडतात हे आधी बोललेच नाहीत. टाइलवाला त्यांनीच आणला, त्याचं काम अगदी सुमार, एक ओळ चक्क वाकडी दिसते. मलबा दोन दिवस जिन्यात, सेक्रेटरींचं ऐकून घ्यावं लागलं ते मला.

प्लंबिंगला पाचपैकी साडेचार, बाकीला दोन. टाइलवाला तुमचा तुम्ही आणा.

शॉवर मस्त चालतोय, पण सकाळचं पहिलं पाणी अजून जरा पिवळटच येतं, कारण टेरेसवरून खाली येणारी लाइन सोसायटीची, ती अजून जीआयच आहे. तो कापलेला तुकडा मी पिशवीत ठेवलाय, रविवारच्या मीटिंगला घेऊन जाणारे.