अलास्काची बोट: तीन माणसांसाठी तीन पत्रं

सिएटलहून बोटीनं अलास्काला जाऊन आलो त्याला तीन आठवडे झाले. लेक रोज फोनवर विचारते, "आई, रिव्ह्यू टाकलास का?" तर आज बसले लिहायला. बोट कुठल्या कंपनीची ते लिहिणार नाही. चढताना व्हीलचेअरचा घोळ झाला होता. आधी कळवूनही आमच्या ह्यांचं नाव यादीत नव्हतं आणि बंदरावर पाऊण तास ताटकळलो. ते कंपनीला वेगळं कळवलंय, तो विषय तिथंच राहू दे. मला लिहायचंय ते बोटीवरच्या तीन माणसांबद्दल. त्यांना न विचारता त्यांची नावं अशी चारचौघांत टाकणं बरं वाटत नाही, म्हणून इथं नावं नाहीत. छातीवरच्या बिल्ल्यावर होती तशी अक्षर न अक्षर पत्रांत लिहून ती वरपर्यंत पोचवली आहेत.

मी सरकारी दवाखान्यात ३४ वर्षं नोकरी करून परिसेविका म्हणून निवृत्त झाले. त्यामुळे कुठंही गेले तरी माझं लक्ष आधी काम करणाऱ्याच्या हाताकडं जातं. ह्यांचं वय ७१, वीस वर्षांची शुगर, दिवसातून चार वेळा इन्सुलिन, आणि तळपाय बधिर. काठी घेऊन चालतात, लांब जायचं तर व्हीलचेअर. सात रात्रींच्या प्रवासात जुनो, स्कॅग्वे, ग्लेशियर बे, केचिकन आणि परतीच्या वाटेवर संध्याकाळी कॅनडातलं व्हिक्टोरिया, असा बेत होता.

जुनोला बोट लागली तो मंगळवार. आम्ही मेंडनहॉल ग्लेशियर, म्हणजे तिथली हिमनदी, बघून आलो, हे त्या दिवशी हौसेनं जरा जास्तच चालले. अलास्काची वेळ सिएटलच्या एक तास मागं, म्हणून आदल्या रात्री घड्याळं मागं केलेली. घड्याळ मागं जातं, पोट जात नाही. सात वाजता जेवायला बसलो तेव्हा ह्यांच्या पोटात आठ वाजले होते. नेहमीप्रमाणे टेबलावर बसल्या बसल्या इन्सुलिन घेतलं. पण त्या दिवशी सगळी बोट एकदमच गाव फिरून परतलेली, हॉल तुडुंब भरलेला, आणि जेवण काही येईना. मी मेनूकार्ड वाचत होते. ह्यांनी काटा उचलला आणि तो ताटलीच्या काठावर दोनदा किणकिणला. एवढाच आवाज.

मी मान वर करेपर्यंत आमचा असिस्टंट वेटर संत्र्याच्या रसाचा ग्लास घेऊन ह्यांच्या शेजारी उभा होता. गोव्यातल्या सासष्टीचा पोरगा, तिशीच्या आतला. "काका, हे आधी प्या," एवढंच म्हणाला. ग्लास नुसता पुढ्यात ठेवला नाही, ह्यांच्या हातात दिला आणि त्यांची पकड घट्ट होईपर्यंत खालून आपला हात तसाच धरून ठेवला. मग गेला आणि पावाची टोपली घेऊन आला. आरडाओरडा नाही, पळापळ नाही, शेजारच्या टेबलाला पत्तासुद्धा लागला नाही. मी पर्समधलं मशीन काढून तपासली तर शुगर ५८. पंधरा ग्रॅम साखर पोटात घालायची, पंधरा मिनिटं थांबायचं, पुन्हा तपासायचं, हे आम्ही वर्षानुवर्षं नवीन मुलींना शिकवलं. अर्ध्या ग्लासाहून जरा जास्त रसात तेवढी साखर मिळते. पंधरा मिनिटांनी तो पोरगा आपणहून परत आला आणि माझ्याकडं बघून भुवया उंचावल्या. ९१ होती. मी मान हलवली, तेव्हा कुठं सूप आणायला गेला.

नंतर विचारलं, बाबा, तुला कसं कळलं? मराठी-कोकणीची सरमिसळ करत म्हणाला, माझ्या आजीला शुगर होती, तिचा हात अस्साच कापायचा. घरात तिसरी पिढी बोटीवर. आजोबा तारवटी म्हणजे खलाशी, वडील तारवटी, आता हा. पुढं रोज आम्ही बसायच्या आधीच रसाचा छोटा ग्लास टेबलाच्या कडेला झाकून ठेवलेला असायचा, आणि तो मला हळूच म्हणायचा, "काकी, इंजेक्शन आत्ता नको, मी सूप घेऊन निघालो की सांगतो." माझ्या वॉर्डात अशी नजर असलेल्या नर्सेस किती होत्या ते मी बोटांवर मोजून सांगू शकते.

दुसरा आमचा केबिन स्टुअर्ड, म्हणजे खोली आवरणारा. बालीचा, बारका, हसरा, इंग्रजी तोडकंमोडकं. ह्यांना 'पापा' म्हणायचा. टॉवेलचे हत्ती न् माकडं करून ठेवतात त्याचे फोटो सगळेच टाकतात, ते सोडा. पहिल्याच संध्याकाळी त्यानं इन्सुलिन पेनच्या सुया पाहिल्या. मी घरून आणलेल्या जाड प्लास्टिकच्या बाटलीत त्या टाकत होते. दहा मिनिटांत सुया टाकायचा झाकणाचा खास डबा घेऊन हजर. मी न मागता. कचरा उचलणाऱ्याच्या हाताला सुई टोचणं म्हणजे काय हे मी जवळून बघितलंय. टोचल्यावरच्या तपासण्या आणि रिपोर्ट येईपर्यंतची ती झोप उडालेली माणसं. इथं डबा ठेवल्यानं त्याची स्वतःची काळजी मिटली हे खरं, पण बाटली तशीच राहू द्यायला त्याला काहीच लागलं नसतं. त्याला ते जमेना.

बोटीच्या केबिनमध्ये बाथरूमच्या दाराशी चांगला उंच उंबरा असतो. पाणी बाहेर येऊ नये म्हणून. ज्याच्या पायाला स्पर्शच कळत नाही त्याच्यासाठी तो उंबरा म्हणजे मोडलेलं हाड. मी पहिल्या दिवशी ह्यांना तीनदा बजावलं. दुसऱ्या दिवशी सकाळी नाश्ता करून आलो तर उंबऱ्याच्या कडेला पांढरी चिकटपट्टी, या टोकापासून त्या टोकापर्यंत, एकही सुरकुती नाही. पलंगापासून बाथरूमपर्यंतच्या वाटेतलं लहान टेबल उचलून खिडकीखाली सरकवलेलं आणि आतला दिवा चालू ठेवून दार चार बोटं उघडं. रात्री उठणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला काय लागतं ते त्यानं आमची काठी बघून ओळखलं होतं. पट्टी कुठून आणलीस म्हटलं तर म्हणाला, खाली सुतारखात्यातून मागून आणली.

आणि एक. आपत्तीचा इशारा म्हणजे सात छोटे भोंगे आणि एक लांब भोंगा, हे सगळ्यांनाच निघायच्या आधी सांगतात. अशा वेळी लिफ्ट वापरायची नसते. मग हे सहा मजले कसे चढणार? हा प्रश्न मला पडायच्या आत त्याला पडला. त्यानं चौकशीच्या काउंटरवर जाऊन मदत लागणाऱ्या प्रवाशांच्या यादीत ह्यांचं नाव घातलं आहे ना ते बघितलं. नव्हतं. घालून घेतलं आणि परत येऊन मला तसं सांगितलं. बंदरावर जे राहून गेलं होतं ते या पोरानं भरून काढलं.

त्याच्याकडं १९ केबिन होत्या, दिवसातून दोन वेळा आवरायच्या. आठ महिन्यांचा करार, सहावा महिना चालू, आठवड्याची सुट्टी हा प्रकारच नाही. घरी दोन वर्षांची मुलगी. तिच्याजवळ आजवर किती दिवस राहिलास विचारलं, तर बोटांवर मोजून म्हणाला, पाच महिने. जावयानं मला दाखवलं की बोटीवरच्या कामगारांसाठी २००६ सालचा एक आंतरराष्ट्रीय करार आहे. त्यात दिवसाला किमान १० तास आणि आठवड्याला ७७ तास विश्रांती द्यावी असा नियम आहे. उलटा हिशोब केला की कामासाठी आठवड्याचे ९१ तास उरतात. सहाव्या महिन्यातल्या माणसाच्या हातून चादरीचा कोपरा कसा निघत असेल ते मला विचारा. त्याचे कोपरे मी रोज बघत होते. प्रोबेशनरला, म्हणजे शिकाऊ नर्सला, शिकवतो तसे पंचेचाळीस अंशात दुमडलेले, सातही दिवस.

तिसरी मुलगी फिलिपाइन्सची. बुफेच्या दारात हात धुवायची बेसिनं आहेत, तिथं उभी राहून येणाऱ्या प्रत्येकाला साबण लावून हात धुवायला लावणं हे तिचं काम. लोक सॅनिटायझर लावल्यासारखं करून निसटायला बघतात. बोटीवर उलट्या-जुलाबांची साथ पसरवणारा नोरोव्हायरस अल्कोहोलला फारसा दाद देत नाही, साबणपाणीच लागतं. ती हे शंभर वेळा शंभर जणांना सांगत होती आणि शंभराव्या वेळीही चेहरा पहिल्या वेळेसारखाच. एक धिप्पाड गृहस्थ तिच्यावर खेकसले. ती हसली, पण वाटेतून बाजूला झाली नाही. त्यांनी हात धुतले. तिच्या वरिष्ठांना हे दिसलं असेल असं मला वाटत नाही, म्हणून मी दाखवलं.

ग्लेशियर बेबद्दल दोनच ओळी. राष्ट्रीय उद्यानाचे रेंजर तिथं बोटीवर चढतात आणि माहिती सांगतात. दिवसाला मोठ्या प्रवासी बोटी दोनच सोडतात, त्यामुळे पाण्यावर शांतता असते. बर्फाचा कडा तुटून पाण्यात पडतो त्याचा आवाज ह्यांना वळवाच्या गडगडाटासारखा वाटला. जेवण शाकाहारींना पुरेसं होतं, डाळ-भात रोज मिळाला.

आता पत्रांचं. नर्सिंगमध्ये पहिल्याच वर्षी शिकवतात की लिहिलं नाही म्हणजे केलं नाही. तोंडी कौतुक मला नोकरीत पुष्कळ मिळालं. पाया पडलेत लोक. पण तक्रार आली की ती रजिस्टर्ड पोस्टानं यायची, तिला आवक क्रमांक पडायचा, खुलासा द्यावा लागायचा. कौतुक दाराबाहेर गेलं की संपलं. ३४ वर्षांत माझ्या नावानं एकच पत्र आलं, १९९८ साली. एका शेतकऱ्याच्या मुलाला घोणस चावली होती, तो वाचला. त्या गृहस्थांनी घरी गेल्यावर निळ्या आंतर्देशीय पत्रावर थेट सिव्हिल सर्जनना लिहिलं की अमुक सिस्टर तीन रात्री दर तासाला येऊन लघवीचा रंग बघत होत्या. घोणशीचं विष मूत्रपिंडावर जातं म्हणून ते बघायचं असतं. 'छान सेवा दिली' असं ते लिहीत तर साहेबांनी बाजूला ठेवलं असतं. त्यांनी दर तासाला आणि लघवीचा रंग असं लिहिलं, म्हणून साहेबांनी मला बोलावून घेतलं आणि ते पत्र माझ्या फाइलला लागलं. त्याची झेरॉक्स अजून कपाटात आहे.

त्यामुळे मी तसंच केलं. बोटीवर शेवटच्या दोन दुपारी बसून तीन पत्रं मराठीत लिहिली, लेकीनं इंग्रजी केली. तीन वेगळी, कारण एका पत्रात तिघांची नावं घातली की ते कुणाच्याच फाइलला लागत नाही. प्रत्येकावर बोटीचं नाव, निघाल्याची तारीख, आमचा केबिन नंबर, माणसाचं बिल्ल्यावरचं नाव, देश आणि हुद्दा. मग घडलं काय ते वार आणि वेळेसकट. मंगळवार, संध्याकाळी सात वीस, रसाचा ग्लास. सोमवार सकाळ, पांढरी पट्टी. विशेषणं लेकीनं घातली होती, ती मी काढायला लावली. बोटीवर कॅप्टनच्या हाताखाली हॉटेल डायरेक्टर असतात, खोल्या, स्वयंपाक, वाढप हे सगळं त्यांच्या हाताखाली. एकेक प्रत त्यांच्या नावानं काउंटरवर दिली आणि पोच मागून घेतली. तीच पत्रं घरी आल्यावर कंपनीच्या मुख्य कार्यालयाला ईमेलनं. शेवटी येणारा सर्व्हेही भरला, त्यातही नावं घातली.

टिप प्रत्येकाच्या बिलात आपोआप लागते, माणशी दिवसाला साधारण १६ ते २० डॉलर. ती शेवटच्या दिवशी रांगेत उभं राहून काढून घेणारे लोक पाहिले, आपल्याकडचेही. मला ते फार लागलं. आम्ही ती ठेवली, वर पाकिटंही दिली. पण पैसे खर्च होतात आणि करार पुढं वाढवायचा की बढती द्यायची हे ठरवताना साहेबासमोर कागद असतो, म्हणून कागद द्यायचा हट्ट.

हॉटेल डायरेक्टरांचा फोन उतरायच्या आदल्या रात्री केबिनवर आला. म्हणाले, तिन्ही पत्रं त्या त्या खात्याच्या मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर वाचली. गोव्याच्या पोरानं जेवताना काहीच म्हटलं नाही, फक्त जाताना वाकून ह्यांना नमस्कार केला आणि मला म्हणाला, "काकी, डॅडींना वाचून दाखवलं फोनवर."

उतरायच्या दिवशी सकाळी सातलाच बोट सिएटलला लागली. त्याच दिवशी दुपारी चारला नवे प्रवासी घेऊन ती परत निघणार होती. बालीचा पोरगा गाडी घेऊन दारात आला. त्याला पत्राचा फोटो हवा होता, घरी पाठवायला. माझ्याकडची प्रत मी पलंगावर पसरली. त्यानं पहिलं पान काढलं, दुसरं हललं म्हणून पुन्हा काढलं, मोठं करून अक्षरं दिसतात ना ते बघितलं, आणि फोन खिशात टाकून आमच्या चादरी ओढायला लागला.